जात्यावरून कागदावर

गेले काही दिवस ओकोट पबिटेक डोक्यात घोळतोय. युगांडातला, अचोली भाषेचा कवी. (नाव घेताना जीभ अडखळते, पण माणूस आपल्यातलाच वाटतो.) १९३१ साली गुलूला जन्म, आई स्वतः गाणी रचणारी. हा १९५६ मध्ये फुटबॉल संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि शिकायला तिथेच राहिला! १९६६ साली त्याचं 'साँग ऑफ लाविनो' आलं. मूळ अचोलीत लिहिलेलं, इंग्रजी त्यानंच केलेलं. शिकलेल्या नवऱ्याने विलायती वळणाची दुसरी बाई केली, म्हणून खेड्यातली लाविनो चारचौघांत त्याचे वाभाडे काढते. गोष्ट एवढीच. पण तिचे टोमणे, तिच्या उपमा सगळ्या अचोली गाण्यांतून आलेल्या.

वाचताना मला सारखं आमचं भोकरदन-जाफराबाद आठवत होतं. तिकडे लाविनोसारखं चारचौघांत बोलायची सोय कुठली? म्हणून बायका जात्यापाशी बोलल्या. पहाटे घर झोपलेलं, आणि जात्याची घरघर हाच आडोसा. समोरासमोर दोघी, खुंटा एकच. एकीने ओवी धरायची, दुसरीने उचलायची. भावाची वाट, माहेर, पंढरी हे सगळं असायचंच, पण मधूनच एखादी ओवी सासूला नाहीतर नवऱ्याला अशी झोंबायची की ज्याला कळायचं त्याला बरोबर कळायचं.

हे फार जुनं आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती काढून बघा. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. शेतकऱ्याची बायको, परगावी गेलेल्याची घरधनीण, अशा बायकाच त्यात बोलतात. सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तिथून गोदाकाठाने खाली आलं की आपला अंबड-घनसावंगीचा मुलूख. त्या गाथा दरबारी हातांनी घासून-पुसून घेतलेल्या आहेत हे उघड दिसतं. तरी आत रानाचा वास आहेच.

आणि अलीकडचे म्हणाल तर ना. धों. महानोर (१९४२-२०२३). त्यांचं पळसखेड अजिंठ्याच्या पायथ्याकडे, भोकरदनहून काही फार लांब नाही. 'रानातल्या कविता' १९६७ मध्ये आल्या, म्हणजे लाविनोनंतर वर्षभराने. पुढे त्यांनी गावची लोकगीतं 'पळसखेडची गाणी' म्हणून गोळा केली. ओकोटनेही अचोली गाण्यांचा संग्रह केला, १९७४ मध्ये. स्वतःची कविताही लिहायची आणि जिथून ती आली ती गाणीही जपायची, हे दोघांचं सारखं.

मला खटकतं ते वेगळंच. लाविनो कितीही खरी वाटली तरी तिच्या तोंडून विद्यापीठात शिकलेला पुरुष बोलतोय. १९७० मध्ये तर त्याने नवऱ्याचं उत्तरही लिहिलं. (आमच्या जात्याने नवऱ्याला तेवढी संधी दिली नाही :) ) ओवीत जिला सोसावं लागलं तीच बोलते, पण तिचं नाव राहत नाही. म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांच्या कामाचं मला मोल वाटतं. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि ओवीपाशी गाणारीचं नाव-गाव आहे.

आमच्या गावात गिरणी आली आणि जातं पालथं पडलं. आजीच्या अकरा ओव्या मावशीने वहीत उतरवून ठेवल्यात. त्यातली एक सरळसरळ आजोबांवर आहे. ती इथे टाकायचं माझ्या फार मनात आहे. मावशी म्हणते, "खुशाल टाक, पण आईचं नाव घालून टाक." मामा म्हणतात, ओवी टाक, नाव नको, लोक काय म्हणतील. नावाशिवाय टाकायला माझा हात धजत नाही. त्यामुळे ती अजून वहीतच आहे. वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींनो, तुमचं काय म्हणणं? आणि आजीची बारावी ओवी कुणाला आठवत असेल तर मावशीला फोन करा, मला नको. चाल तिलाच येते.