चाचा कोणी ठरवायचा? आंग्र्यांपासून 'रुएन'पर्यंत

समुद्रावरच्या लुटारूंविरुद्ध देशांनी एकत्र यायचं, हा विषय इथे लोअर परळला परका वाटायला नको. इथल्या गिरण्यांत राबलेल्या कित्येकांची गावं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग त्याच किनाऱ्यावर आहेत.

इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे म्हणजे चाचे. आपल्या लेखी ते छत्रपतींचे सरखेल. त्यांचं म्हणणं एवढंच, की या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. पोर्तुगीजही आपल्या परवान्याशिवाय जहाजं सोडत नव्हते. म्हणजे त्यांचा परवाना तो कारभार, आणि आंग्र्यांचा तो दरोडा!

1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. पहिले बाजीराव आंग्र्यांच्या मदतीला आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम फसली. पुढे 1755-56 मध्ये उलटंच झालं. तुळाजी आंग्र्यांशी वैर असलेल्या नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांशी हात मिळवला. सुवर्णदुर्ग पडला, मग वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचं आरमार जळालं. लुटीची वाटणी कशी करायची, हे इंग्रजांनी निघण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. आता यात लुटारू कोण?

या प्रश्नाला सर्वांनी मिळून दिलेलं उत्तर 1982 च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारात सापडतं. खुल्या समुद्रात खासगी फायद्यासाठी, खासगी जहाजातून दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला म्हणजे चाचेगिरी. असे चाचे कुठल्याही देशाने पकडावेत. या मापाने राज्याचे अधिकारी असलेले कान्होजी चाचे ठरत नाहीत.

पण पकडणं वेगळं आणि खटला चालवणं वेगळं. 2011 च्या पहिल्या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने 120 संशयित पकडले, त्यांत बहुतेक सोमाली. त्यांना मुंबईत आणलं. गुन्हे यलो गेट पोलीस ठाण्यात नोंदले गेले. पण आपल्या दंडसंहितेत चाचेगिरी हा गुन्हाच नव्हता! मग खुनाचा प्रयत्न, अपहरण अशी कलमं लावली. निकाल लागायला 2017 उजाडलं. तोवर हे लोक कैदेतच. करारावर सही करून भागत नाही, घरचा कायदाही लागतो, तो असा.

तो 2022 साली संसदेने केला. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने माल्टाचा झेंडा असलेल्या 'रुएन' जहाजावरून 35 चाचे ताब्यात घेतले, 17 खलाशी सुटले. चाच्यांना मुंबई पोलिसांकडे सोपवलं गेलं. या वेळी लावायला स्वतःचा कायदा हाताशी होता.

तुळाजींना न्यायालय मिळालं नाही, उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. आज सोमाली आरोपीलाही मुंबईत वकील मिळतो, त्याची बाजू ऐकली जाते. देशांची युती तेव्हाही होती आणि आजही आहे. फरक पडतो तो या ऐकण्याने.