तपकिरी बटू युग्मे : वस्तुमान व तेजस्विता यांचे मापन

तपकिरी बटू युग्मे : गाभ्यात हायड्रोजनाचे अणुकेंद्रीय संघटन टिकून राहण्याइतके वस्तुमान नसलेल्या, पण ग्रहांहून जड अशा (गुरूच्या सु. १३ ते ७५ पट वस्तुमानाच्या) खस्थ पदार्थांना तपकिरी बटू म्हणतात. त्यांपैकी दोन परस्परांभोवती फिरत असल्यास त्यांचे युग्म होते. असे पदार्थ असले पाहिजेत, हे शिव एस्. कुमार यांनी १९६३ च्या सुमारास गणिताने दाखविले. ‘तपकिरी बटू’ ही संज्ञा १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी सुचविली.

सामान्य ताऱ्याची तेजस्विता मुख्यत्वे वस्तुमानावर अवलंबून असते. तपकिरी बटू मात्र जन्मापासून निवत जातो. त्यामुळे तरुण हलका व वृद्ध जड बटू सारखेच तेजस्वी दिसू शकतात. परिणामी तेजस्वितेवरून काढलेले वस्तुमान निवण्याच्या सिद्धांतावर विसंबून राहते व त्याच सिद्धांताची कसोटी म्हणून ते निरुपयोगी ठरते. ही अडचण युग्मांमुळे दूर होते. कक्षेचे आकारमान व आवर्तकाल यांवरून केप्लर यांच्या तिसऱ्या नियमानुसार एकूण वस्तुमान मिळते आणि घटकांच्या वेगांवरून त्याची वाटणी कळते.

मृगातील अभ्रिकेत सापडलेल्या एका पिधानकारी युग्माचे मापन स्टासन, मॅथ्यू व व्हॅलेंटी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. घटकांची वस्तुमाने सूर्याच्या ०·०५४ व ०·०३४ पट भरली. परंतु अपेक्षेविरुद्ध जड घटकच अधिक थंड निघाला.

याहून बोधप्रद इतिहास ग्लीझ २२९ ब याचा आहे. शशक तारकासमूहातील, सु. १९ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका तांबड्या ताऱ्याचा हा सोबती १९९४ मध्ये पालोमार वेधशाळेतून टिपला गेला व १९९५ मध्ये जाहीर झाला. शोधकांत कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे होते. वर्णपटात मिथेन आढळल्याने तो तारा नव्हे हे निश्चित झाले. पुढे मुख्य ताऱ्याच्या सूक्ष्म हालचालींवरून त्याचे वस्तुमान गुरूच्या सु. ७१ पट ठरले. एवढ्या वस्तुमानाच्या मानाने तो फारच मंद होता. दोष मापनाचा की सिद्धांताचा, असा पेच पडला.

तो २०२४ मध्ये सुटला. चिलीतील पारानाल येथील दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेल्या वेधांत ही एक वस्तू नसून युग्म असल्याचे दिसले. हवाईतील केक दुर्बिणीच्या वर्णपटांतूनही तेच निष्पन्न झाले. घटक गुरूच्या सु. ३८ व ३४ पट वस्तुमानाचे असून सु. ६३ लक्ष किमी. अंतरावरून १२·१ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतात. तेजस्विता दोघांत विभागली असता ती सिद्धांताशी जुळते. जवळजवळ तीन दशके एकच समजून आदर्श नमुना म्हणून अभ्यासलेला हा बटू वस्तुतः जोडी होता.