पानांचे रंग आणि आपल्या बागा



बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें फुलें उभीं राहतात. मोगरा, जाई, शेवंती, गुलाब हीं नांवें सहज ओठांवर येतात. पान आठवतें तें पूजेच्या पत्रीपुरतें, तोरणापुरतें किंवा जेवणाच्या पंगतीपुरतें. परंतु बागेंत बारा महिने डोळ्यांना दिसतें तें पानच. फूल हा पाहुणा. पान हें घरचें माणूस. या घरच्या माणसाच्या रंगाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे, आणि त्यासाठीं मीं सातारा व सांगली हा प्रदेश निवडला आहे. यांतील पुष्कळसा मुलूख पूर्वी एकाच सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें.

पानाचा रंग आपल्या लोकांना दिसतच नव्हता, असा समज असेल तर तो प्रथम काढून टाकला पाहिजे. संस्कृतांत 'प्रवाल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक पोंवळें आणि दुसरा कोवळी पालवी. ज्यानें हा शब्द प्रथम योजला त्यानें झाडाकडे डोळे उघडून पाहिलें होतें यांत संशय नाहीं. अशोकाला 'ताम्रपल्लव' म्हणतात तें त्याच्या तांबूस, लोंबत्या नव्या पानांवरून. शकुंतलेच्या ओठांना कालिदासानें रंग दिला तोहि कोवळ्या पालवीचाच. मराठींत तर 'चैत्रपालवी' हा एक शब्द उच्चारला कीं सारा ऋतु उभा राहतो.

शिवाय परसांत रंगीत पानें होतींच. लाल माठ, काळ्या देठाचें अळू, तांबड्या वेलीचा मायाळू, अंगणांतील कृष्ण तुळस हीं सर्व रंगीत पानांचींच झाडें. मात्र त्यांची जागा रंग पाहून ठरत नसे. माठ भाजीसाठीं, अळू न्हाणीच्या पाण्यावर, तुळस वृंदावनांत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या वनक्रीडेलाहि स्थान आहे. म्हणजे उपवनाची हौस आपल्याकडे जुनी आहे. परंतु छाया, सुगंध, फळ आणि पूजा हे तिचे चार खांब होते. लाल पानाशेजारीं पिवळें पान लावून त्यांची नक्षी करावी, ही कल्पना मागाहून आली, आणि ती समुद्रावरून आली.

तिची कथा मोलुक्का बेटांपासून सुरू होते. डच कंपनीच्या चाकरींत आंबोयना बेटावर राहिलेला रुम्फियस हा जन्मानें जर्मन होता. १६७० मध्यें त्याची दृष्टि गेली, तरी वनस्पतींचें वर्णन करण्याचें काम त्यानें सोडलें नाहीं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं, १७४१ पासून, प्रसिद्ध झाला. आज आपण ज्याला क्रोटन म्हणतों त्या झाडाचें वर्णन त्यांत आहे. पुढें १७५३ मध्यें लिनियसनें त्याला क्रोटनांच्या गणांत घातलें. शास्त्रज्ञांनीं नंतर त्याचा गण बदलला, पण माळ्याच्या तोंडचें नांव कांहीं बदललें नाहीं.

अशीं झाडें जहाजावरून जिवंत नेणें मात्र कठीण होतें. खाऱ्या वाऱ्यानें तीं वाटेंतच मरत. लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास असें दिसलें कीं बंद कांचेच्या भांड्यांत रोप आपल्याच ओलाव्यावर जगतें. १८३३ मध्यें त्यांनीं कांचेच्या पेट्यांतून पाठविलेलीं रोपें सिडनीपर्यंत सुखरूप पोहोंचलीं. त्या साध्या पेटीनें जगांतील बागा बदलल्या. जावा बेटांतून कोलियस, पॅसिफिक बेटांतून अकॅलिफा आणि क्रोटनाचे नवे नवे प्रकार इंग्लंडांत पोहोंचले. तेथील थंडींत त्यांना कांचघरांत ठेवावें लागे. उन्हाळा आला म्हणजे धीट जातींचीं रंगीत रोपें बाहेर मांडून गालिचासारखे वाफे करण्याची चाल १८६० नंतर बोकाळली. या चालीविरुद्ध तेथेंच बंडहि झालें. १८७० मध्यें विल्यम रॉबिन्सन यांनीं 'द वाइल्ड गार्डन' हें पुस्तक लिहून झाडांना त्यांच्या स्वभावाप्रमाणें वाढूं द्यावें असा पक्ष मांडला.

आपल्याकडे या घडामोडींची पूर्वतयारी आधींच झाली होती. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना १८२८ मध्यें पुण्याजवळ दापोडीची सरकारी वनस्पति-बाग उभी राहिली. याच माल्कमसाहेबांनीं १८२९ मध्यें साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून, वाईजवळील खंडाळा गांव मोबदल्यांत देऊन, महाबळेश्वर घेतलें. १८४८ मध्यें सातारचें राज्यच खालसा झालें. १८६२ मध्यें मुंबईची राणीची बाग खुली झाली. इंग्लंडांत कांचघराबाहेर न जगणारें क्रोटन आपल्याकडे उघड्यावर सुखानें वाढूं लागलें, आणि बंगल्याच्या ओट्यावरील कुंड्यांतून तें हळूहळू सर्वांच्या परिचयाचें झालें.

आतां पांचगणीस या. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पांच गांवांमधील हें पठार. १८६० नंतर येथें हवा खाण्याचें ठिकाण वसविण्याचें काम जॉन चेसन यांजकडे आलें. त्यांनीं परदेशची पुष्कळ झाडें येथें आणून लाविलीं. त्यांपैकीं सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया हीं दोन पांचगणीचींच होऊन गेलीं. दोहोंचेंहि वैभव पानांत आहे. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. त्याचें पान वरून हिरवें आणि खालून रेशमी लवेनें रुपेरी; वारा सुटला म्हणजे सारें झाड क्षणांत रंग पालटतें. पॉइन्सेटिया मेक्सिकोची. तिचें लाल 'फूल' म्हणून आपण जें दाखवितों तीं वस्तुतः पानेंच. खरीं फुलें मध्यभागीं बारीक पिवळीं असतात. रात्र मोठी झाली म्हणजेच हीं पानें लाल होतात. म्हणून ती हिवाळ्यांत रंगते, आणि रात्रभर दिव्याच्या उजेडांत उभी केली तर हिरवीच राहते.

हीं दोन झाडें मला महत्त्वाचीं वाटतात तीं याकरितां, कीं परकीं असूनहि त्यांचा रंग वाऱ्याशीं आणि ऋतूशीं बांधलेला आहे. आपल्या जुन्या दृष्टीशीं तीं जुळतात. फाल्गुन-चैत्रांत सह्याद्रीच्या उतारांवर कुसुंब लालभडक होतो, पिंपळ तांबूस पालवीनें झळकूं लागतो, आंब्याचीं कोंवळीं पानें तांब्याच्या रंगाचीं होऊन लोंबतात. सांगली शहरांतील जुन्या बागेचें नांवच आमराई आहे. या रंगाचें आयुष्य थोड्या दिवसांचें. हरितद्रव्य भरूं लागलें कीं लाली ओसरते. उलट क्रोटनाचा रंग बारमाही. एक ऋतूचा रंग, दुसरा मांडणीचा रंग. आपल्या बागांचा इतिहास म्हणजे या दोन रंगांची भेट होय.

भेटींत कलह कोठें होतो तेंहि सांगतों. क्रोटनाला रंग चढण्यास भरपूर ऊन लागतें. सावलींत तें हिरवट पडतें. तेव्हां जुन्या आंब्याखालीं रंगीत वाफे नीट खुलत नाहींत, ही तक्रार खरी आहे. परंतु वाफ्यासाठीं आंबा तोडावा, हा निष्कर्ष खरा नाहीं. वाफा वर्षांत उभा राहतो. आंब्याची छाया दोन पिढ्यांनीं पडते. वाफ्याला जागा पाहिजे ती उन्हांत शोधावी. तेथें गर्द हिरव्या झाडांची पाठ धरून थोडींच लाल-पिवळीं झाडें लावावींत. सर्वत्र रंग झाला म्हणजे डोळ्यांना विसांवा राहत नाहीं. लाल पान मावळतीच्या बाजूस असावें, म्हणजे तिसऱ्या प्रहरचें ऊन त्यांतून गाळून येतें. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांत हरितद्रव्य कमी, म्हणून वाढ मंद. अशा झाडाला निव्वळ हिरवी फांदी फुटली तर ती वेळींच छाटावी, नाहीं तर तीच सर्व झाड व्यापून टाकते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे ५०० च्या आसपास. दोन्हीकडे एकाच यादीवरून रोपें आणावयाचीं, हें शहाणपण नव्हे. कोरड्या मुलखांत राखी, लवदार पानांचीं झाडें उन्हाला परतवून लावतात आणि थोड्या पाण्यांत तग धरतात. तेथील बागेला तोच रंग शोभेल.

आज कोणत्याहि नव्या सार्वजनिक बागेंत जावें, तर बहुधा तींच पांचसात रंगीत रोपें ओळीनें उभीं दिसतात. तीं सुंदर आहेत आणि आतां आपलींहि आहेत. त्यांना हांकलून द्यावें असें मी म्हणणार नाहीं. पण त्या बागेंत मार्गशीर्ष कोणता आणि चैत्र कोणता, हें पानांवरून ओळखतां येत नाहीं. चाळीस वर्षें मुलांना ऋतु शिकवितांना मला पुस्तकापेक्षां शाळेपुढील पिंपळाचा अधिक उपयोग झाला. म्हणून माझी सूचना एवढीच, कीं नवी बाग आंखतांना, मग ती नगरपालिकेची असो कीं घरची, क्रोटनांच्या ओळीबरोबर एक कुसुंब, एक खरा अशोक किंवा एक आंबा यांसाठीं जागा सोडावी. पानें लाल झालीं म्हणजे मुलें आपण होऊन विचारतील, आणि तेव्हां त्यांना चैत्र दाखवितां येईल.