अतिरिक्त आरक्षण (विमान वाहतूक)

अतिरिक्त आरक्षण किंवा ओव्हरबुकिंग म्हणजे एखाद्या उड्डाणात जितकी आसने आहेत त्यांपेक्षा अधिक निश्चित तिकिटे विकण्याची विमान कंपन्यांची पद्धत होय. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, या अनुभवावर ती आधारलेली आहे. अंदाज बरोबर ठरल्यास विमान भरून जाते. चुकल्यास निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशालाही विमानात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मात्र वरच्या वर्गात आसने रिकामी असतील, तर त्याच चुकलेल्या अंदाजामुळे एखाद्या प्रवाशाला विनामूल्य वर्गोन्नती (अपग्रेड) मिळते. उड्डाणाची आरक्षणसंख्या कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. त्यामुळे प्रवाशाला तिचा केवळ अप्रत्यक्ष अंदाज बांधता येतो.

स्वरूप

भारतीय रेल्वेत आसने संपल्यावर प्रवाशाला प्रतीक्षायादीतील क्रमांक दिला जातो व आपली स्थिती त्याला कळत राहते. विमानाच्या अतिरिक्त आरक्षणात तसे होत नाही. आसनसंख्येच्या पुढे विकलेले तिकीटही 'निश्चित' असेच दाखवले जाते. नेमका कोणता प्रवासी अतिरिक्त, हे विक्रीच्या वेळी ठरलेले नसते. ते प्रस्थानापूर्वी विमानतळावर ठरते.

गणित

१८० आसनांच्या विमानातील प्रत्येक प्रवासी न येण्याची शक्यता ५ टक्के मानल्यास, नेमकी १८० तिकिटे विकल्यावर सरासरी ९ आसने रिकामी जातात. १८३ तिकिटे विकल्यास आसने कमी पडण्याची शक्यता सुमारे अर्धा टक्का, म्हणजे साधारण दर २०० उड्डाणांत एकदा, एवढीच असते. १८६ तिकिटे विकल्यास मात्र ती सुमारे ९ टक्क्यांवर जाते. केवळ तीन तिकिटांनी धोका अनेक पटींनी वाढत असल्याने कंपन्या मार्ग, वार, हंगाम व तिकिटाचा प्रकार यांनुसार विक्रीची मर्यादा ठरवतात.

या गणितात प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कुटुंबे व गट एकत्र येतात किंवा एकत्रच गैरहजर राहतात. जोडउड्डाणाला उशीर झाल्यास अनेक प्रवासी एकाच वेळी गळतात. याशिवाय मोठ्याऐवजी लहान विमान आल्यास, किंवा वजनाच्या मर्यादेमुळे काही आसने रिकामी ठेवावी लागल्यास, अतिरिक्त विक्री नसतानाही आसने अपुरी पडतात.

आरक्षणस्थितीचा अंदाज

आसन-नकाशा : संकेतस्थळावरील नकाशात रिकामे दिसणारे आसन विकले गेलेले नाही, असा अर्थ होत नाही. अनेक प्रवासी आसन आधी निवडत नाहीत. उलट, काही आसने कंपनीने राखून ठेवल्यामुळे व्यापलेली दिसतात. म्हणून नकाशावरून केलेली मोजणी विश्वसनीय नसते.

भाडेश्रेणी : एकाच वर्गातील तिकिटे वेगवेगळ्या भाड्यांच्या श्रेणींत विकली जातात व प्रत्येक श्रेणीला एक अक्षर असते. आरक्षण प्रणाली प्रत्येक अक्षरापुढे विक्रीस उपलब्ध संख्या दाखवते. ती सामान्यतः ९ पेक्षा अधिक दाखवली जात नाही. या श्रेणी एकमेकींत सामावलेल्या असतात. तीन श्रेणींपुढे प्रत्येकी ९ असल्यास २७ आसने शिल्लक आहेत, असा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तीच ९ आसने तिन्ही ठिकाणी मोजलेली असू शकतात. ही संख्या कंपनी आणखी किती तिकिटे विकण्यास तयार आहे हे सांगते, रिकाम्या आसनांची संख्या नव्हे. सर्वांत महाग श्रेणीपुढेही शून्य असल्यास विक्री थांबली आहे, एवढेच कळते. उड्डाण नेमके भरले आहे की मर्यादेपलीकडे गेले आहे, हे शून्यावरून कळत नाही.

विमानतळावरील खुणा : चेक-इन करूनही बोर्डिंग पासवर आसन क्रमांक नसणे, उड्डाण सोडण्याची तयारी आहे का अशी विचारणा होणे, किंवा दारावर स्वयंसेवकांसाठी घोषणा होणे, या अधिक ठोस खुणा आहेत. तथापि आसन क्रमांक न मिळण्यामागे अन्य कारणेही असू शकतात.

वर्गोन्नतीची शक्यता

गुण (माइल्स) किंवा पैसे देऊन मिळवलेली, बोलीद्वारे मिळालेली, निष्ठा-योजनेतील दर्जामुळे मिळालेली आणि कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी दिलेली, असे वर्गोन्नतीचे प्रमुख प्रकार आहेत. अतिरिक्त आरक्षणाशी थेट संबंध शेवटच्या प्रकाराचा येतो. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : खालच्या वर्गात आसनांपेक्षा अधिक प्रवासी हवेत आणि वरच्या वर्गात जागा हवी. केवळ वरचा वर्ग रिकामा असणे पुरेसे नसते. खालच्या वर्गात सर्वांना जागा मिळत असल्यास कोणालाही वर नेण्याचे कारण कंपनीला उरत नाही.

निवड करताना सामान्यतः निष्ठा-योजनेतील वरच्या दर्जाचे व अधिक भाडे भरलेले प्रवासी आधी घेतले जातात. याउलट प्रवेश नाकारताना अनेक कंपन्या कमी भाड्याचे, दर्जा नसलेले व उशिरा चेक-इन केलेले प्रवासी आधी निवडतात. त्यामुळे भरलेले उड्डाण ज्याला वर्गोन्नतीची संधी वाटते, तेच स्वस्त तिकिटावरील प्रवाशासाठी जोखीम असते. लवकर चेक-इन करणे हा त्या प्रवाशाच्या हाती असलेला एक उपाय आहे.

इतिहास

अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये एक पर्याय सुचवला : प्रवाशांना सक्तीने उतरवण्याऐवजी, किती मोबदल्यात ते थांबतील याच्या बोली मागवाव्यात आणि सर्वांत कमी बोली स्वीकाराव्यात. १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्राहक हक्क कार्यकर्ते राल्फ नेडर यांना निश्चित तिकीट असूनही ॲलेगेनी एअरलाइन्सच्या उड्डाणात प्रवेश नाकारण्यात आला. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अतिरिक्त विक्रीची माहिती दडवल्याबद्दल कंपनीविरुद्ध फसवणुकीचा दावा न्यायालयात चालू शकतो, असा निर्णय १९७६ मध्ये झाला. १९७८ मध्ये प्रथम स्वयंसेवक शोधण्याचे बंधन अमेरिकी कंपन्यांवर घालण्यात आले.

९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुइव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्स्प्रेसच्या उड्डाणात चार कर्मचाऱ्यांसाठी चार प्रवाशांना उतरण्यास सांगण्यात आले. ८०० डॉलरपर्यंतच्या मोबदल्यालाही कोणी तयार झाले नाही. अखेर आसनावर बसलेल्या एका प्रवाशाला सुरक्षा अधिकाऱ्यांनी ओढत बाहेर नेले. हे उड्डाण पूर्ण भरलेले होते, पण अतिरिक्त आरक्षित नव्हते, असे नंतर स्पष्ट झाले. त्यानंतर कंपनीने स्वेच्छेने थांबणाऱ्यांसाठीच्या मोबदल्याची कमाल मर्यादा १०,००० डॉलर केली.

प्रवाशांचे हक्क

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार कंपनीने प्रथम स्वयंसेवक शोधावे लागतात. वेळेत हजर असलेल्या निश्चित तिकीटधारकाला त्याच्या इच्छेविरुद्ध प्रवेश नाकारल्यास पुढीलप्रमाणे भरपाई मिळते :

• मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या पर्यायी उड्डाणाची सोय केल्यास भरपाई नाही.
• २४ तासांच्या आत सुटणारे पर्यायी उड्डाण दिल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये.
• त्यापुढील उड्डाण दिल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.
• पर्यायी उड्डाण न स्वीकारल्यास तिकिटाची पूर्ण रक्कम व ४०० टक्के भरपाई, कमाल २०,००० रुपये.

प्रवाशाला इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास, फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के परतावा आहे.

युरोपीय संघात २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार प्रवेश नाकारल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते. पर्यायी उड्डाणाने फारसा उशीर न झाल्यास ती निम्मी करता येते.

मतमतांतरे

रिकाम्या आसनांचा खर्च टळल्याने भाडी कमी राहतात, तसेच ऐनवेळी प्रवास बदलता येणारी तिकिटे विकणे शक्य होते, असे समर्थक म्हणतात. कंपनीला असलेली माहिती प्रवाशाला नसते आणि परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा अंत्यसंस्कार चुकल्यास ठरावीक भरपाईने नुकसान भरून निघत नाही, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे. स्वेच्छेने थांबणाऱ्यांना पुरेसा मोबदला देण्याची पद्धत या दोन्ही बाजूंमधील मध्यममार्ग मानली जाते. ज्याची निकड कमी, तोच तिच्यात मागे राहतो.