विजेटचं कूळ

वस्तूचं नाव चटकन आठवलं नाही की आपण म्हणतो, "ते हे दे गं जरा." अमेरिकेत असल्या बिननावाच्या वस्तूला 'विजेट' म्हणतात. १९२४ साली ब्रॉडवेवर आलेल्या जॉर्ज कॉफमन आणि मार्क कॉनेली यांच्या 'बेगर ऑन हॉर्सबॅक' या नाटकातला कारखानदार विजेटच बनवतो. विजेट म्हणजे काय, ते मात्र प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

संगणकात हा शब्द रुजला एमआयटीत. तिथे १९८३ साली विद्यार्थ्यांसाठी संगणकांचं जाळं उभारणारा अथेना प्रकल्प सुरू झाला. यंत्रं डीईसीची आणि आयबीएमची, आणि विद्यार्थ्याचा प्रोग्राम दोन्हींवर चालायला हवा. पुढच्या वर्षी बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम सुरू केली. मग तिच्यावर बटणं, मेनू, स्क्रोलबार रचायचं टूलकिट आलं. या तुकड्यांना काय म्हणायचं? टूलकिटवर काम करणाऱ्या राल्फ स्विक आणि मार्क अ‍ॅकरमन यांनी १९८८ च्या निबंधात 'विजेट'च का, याचा खुलासा केला: इतर रूढ शब्दांना आधीच भलते अर्थ चिकटले होते. शिवाय विंडो आणि विजेट यांचं इंग्रजी आद्याक्षर एकच.

मला हे बारसं अगदी योग्य वाटतं. उद्या कोणी गोल तबकडी घडवेल, कोणी आलेख. टूलकिट लिहिणाऱ्यांना ते आधी कसं ठाऊक असणार? म्हणून त्यांनी ठरावीक वस्तूंच्या यादीवर न थांबता कुळाचे रिवाज लिहिले. नव्या विजेटने मूळ वर्गाचा वारसा घ्यायचा आणि फक्त आपलं वेगळेपण सांगायचं: झाकलेला भाग उघडा पडला की काय रंगवू, आकार बदलला तर काय करू.

यातला जागेचा रिवाज मला सगळ्यात आवडतो. एका विजेटच्या पोटात बसलेलं दुसरं विजेट म्हणजे त्याचं मूल. मुलाला मोठं व्हायचं असेल तर परस्पर पसरता येत नाही, पालक विजेटकडे मागणी करावी लागते. उत्तरं मुख्यतः तीन: हो, नाही, किंवा 'एवढी नाही, पण इतकी देतो'. तिसरं उत्तर मिळालं की मूल तेवढीच जागा पुन्हा मागू शकतं. आपल्या पोटात कोण वाढतंय, तबकडी की आलेख, हे पालकाला कळावंच लागत नाही. अनोळखी विजेट घरात सामावतं ते या बोलणीमुळे.

पुढे क्यूट, जीटीके या टूलकिटांनी शब्दही घेतला आणि वारशाची रीतही. फ्लटर या टूलकिटमध्ये बोलणी आखूड झाली आहे: मर्यादा पालक घालून देतो, त्या मर्यादेत आकार मूल निवडतं, आणि ते कुठे बसेल हे पुन्हा पालकच ठरवतो.