तेलाने फिरणारे चाक



सुरत म्हटले की मराठी मनाला आठवते ते जुने बंदर आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या. आजची सुरत मात्र मालमोटारींच्या चाकांवर चालते. रिंगरोडवरच्या बाजारपेठांतून कापडाचे गठ्ठे निघतात, हजिऱ्याहून पोलाद निघते. यांतला बराच माल सोनगड आणि नवापूर ओलांडून कोंडाईबारीच्या घाटाने खानदेशात उतरतो. उधना आणि लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या अनेक खानदेशी कुटुंबांचे पोट या ना त्या नात्याने याच रहदारीवर अवलंबून आहे. या अवजड वाहनसृष्टीतील एका यंत्रभागाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. त्याचा इतिहास समजला, की त्याच्या बिघाडांचे निदानही पुष्कळसे उलगडते.

मूळ अडचण अशी, की डिझेल इंजिनाला जोर देण्यासाठी फिरत राहावे लागते आणि गाडीचे चाक तर आरंभी स्थिर असते. फिरते आणि स्थिर यांची गाठ घालावयाची कशी? साध्या मालमोटारीत हे काम क्लच करतो. चालक पायाने दोन तबकड्या हळूहळू जुळवितो, त्या घासतात, झिजतात आणि अखेर एकजीव होतात.

हाच प्रश्न वेगळ्या रूपाने जर्मनीतील जहाजबांधणीपुढे उभा होता. वाफेचे टर्बाइन अतिवेगाने फिरे, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापी. श्टेटिन येथील व्हुल्कान गोदीतील अभियंता हेर्मान फ्यॉटिंगर याने १९०५ साली यावर पेटंट घेतले. एका चाकाने द्रव फेकावयाचा, दुसऱ्या चाकाने तो झेलावयाचा आणि मध्ये एक स्थिर चाक ठेवून प्रवाहाची दिशा वळवावयाची, अशी त्याची युक्ती होती. पहिले चाक पंप, दुसरे टर्बाइन आणि तिसरे स्टेटर होय. स्टेटर प्रवाहाला वळण देतो म्हणूनच बाहेर पडणारा पीळ आत घातलेल्या पिळापेक्षा वाढतो. आजच्या वाहनांत गाडी हलण्याच्या क्षणी ही वाढ सुमारे दुप्पट, कधी त्याहून थोडी अधिक असते.

पण या देणगीची किंमत होती. द्रवाच्या घुसळणीत शक्तीचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जाई. जहाजावर त्या गरम पाण्याचा उपयोग बॉयलरला पाणी पुरविताना होत असे; मोटारीत बॉयलर कोठला? शिवाय अचूक दात्यांची चक्रे तयार होऊ लागताच जहाजांवरून कन्व्हर्टर मागे हटला. त्याला दुसरे आयुष्य मिळाले ते रस्त्यावर. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने आपल्या मोटारींत तेलाचे जोडचक्र बसविले आणि १९३३ च्या सुमारास लेलँडच्या बसगाड्यांत लिशोल्म या स्वीडिश अभियंत्याच्या पद्धतीचा कन्व्हर्टर आला.

पुढे दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. १९२८ च्या सुमारास जर्मनीत स्टेटरला एकदिशा क्लचवर बसविण्याची कल्पना निघाली. सुरुवातीला स्टेटर घट्ट राहून प्रवाह वळवी आणि गाडीने वेग घेतला की स्वतःही मोकळा फिरू लागे. १९४९ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन यांना थेट बांधून टाकणारा क्लच बसविला. त्याला आपल्याकडील मिस्त्री आज लॉकअप म्हणतात.

या इतिहासात भारताचेही एक पान आहे. रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी अशी रचना सिद्ध केली, की कमी वेगात कन्व्हर्टरने जोर द्यावा आणि वेग आल्यावर त्याला बाजूस सारून शक्ती सरळ चाकांकडे जावी. सुरी ट्रान्समिशन म्हणून ती ओळखली गेली. सुरी यांना १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आणि चित्तरंजनच्या कारखान्यातील शंटिंग इंजिनांत ती रचना वापरण्यात आली. तेलाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेणारी डिझेल इंजिने सुरतेच्या दक्षिणेसही दिसली. डांगच्या सागवानासाठी गायकवाड सरकारने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेल्या बिलीमोरा-वघई या अरुंद मार्गावर, वाफेचे युग सरल्यानंतर, चित्तरंजनचीच डिझेल-हायड्रॉलिक इंजिने धावली.

मालमोटारींच्या बाबतीत मात्र आपला देश दीर्घकाळ गिअरच्या दांड्याशीच एकनिष्ठ राहिला. १९५४ साली जमशेदपुरास टेल्कोने डेमलर-बेन्झच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास घेतल्या, तेव्हाही क्लच आणि दांडा हीच व्यवस्था होती. कारण व्यवहाराचे होते. कन्व्हर्टर महाग, तो इंधन थोडे अधिक पितो, आणि क्लचप्लेट तर हमरस्त्यावरचा कोणीही मिस्त्री बदलू शकतो. म्हणून कन्व्हर्टर आला तो धरणावरच्या व खाणींतल्या डंपरांत, बंदरात पेट्या उचलणाऱ्या यंत्रांत आणि शहरी बसगाड्यांत. येथे एक सावधगिरी हवी. आज 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मालमोटारींत कन्व्हर्टर नसतोच; साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि दांडा यंत्राने हलविला जातो. तेव्हा निदानाचा पहिला प्रश्न हाच, की समोरची पेटी कोणत्या जातीची आहे?

आता या इतिहासाचा उपयोग पाहू. प्रत्येक सुधारणेबरोबर तिचा रोगही जन्मास आला. फ्यॉटिंगरच्या द्रवाने उष्णता आणली. म्हणून आधी तेल पाहावे. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो व तेल फेसाळते. तेल काळे पडून करपट वास येत असेल तर आतील क्लचच्या तबकड्या जळत आहेत. तेल दुधाळ दिसले तर कूलरमधून पाणी शिरले आहे, आणि तसे असता पेटी कितीही वेळा उघडली तरी कूलर दुरुस्त झाल्याखेरीज रोग हटणार नाही.

एकदिशा क्लचचे रोग दोन आणि परस्परविरुद्ध आहेत. तो घसरू लागला, तर स्टेटर प्रवाह वळवीत नाही. गाडी उठताना मरगळते, पण वेगात आल्यावर बरी चालते. तो जाम झाला, तर उठाव उत्तम. पण वेग चढत नाही आणि सपाट रस्त्यावरही तेल तापते. लॉकअपचा रोग म्हणजे ठराविक वेगाला गाडीस भरणारी थरथर. तो सुटेनासा झाला, तर गाडी थांबविताना इंजिनच बंद पडते.

या सर्वांची छाननी करणारी कसोटी म्हणजे स्टॉल परीक्षा. चाकांना अटकाव लावून, ब्रेक दाबून, पुढेमागे कोणी उभे नाही याची खात्री करून, गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावयाचा आणि इंजिनाचे फेरे कारखान्याने दिलेल्या आकड्याशी ताडावयाचे. फेरे अधिक आले तर पेटीतील क्लच घसरतो आहे अथवा तेलाचा दाब कमी आहे. थोडे कमी आले तर दोष इंजिनात शोधावा. कदाचित हवेची गाळणीच तुंबली असेल. सुमारे एक-तृतीयांशाने कमी आले तर स्टेटरचा एकदिशा क्लच गेला. या काही सेकंदांत इंजिनाची सारी शक्ती तेल तापविण्यात जाते, म्हणून परीक्षा लांबविणे म्हणजे रोग्याला विष देणे होय. नंतर गिअर काढून इंजिन फिरते ठेवावे. तेल लवकर निवले नाही, तर कूलर किंवा जाम स्टेटर यांच्यावर संशय घ्यावा.

पुष्कळदा घडते ते याच्या उलट. गाडी ओढत नाही एवढे ऐकून पेटी उतरविली जाते आणि तिचा भारी खर्च केल्यावर कळते, की दोष इंजिनाच्या गाळणीत होता. मोठ्या कंपनीला असा खर्च पचतो. कर्ज काढून एकच गाडी घेतलेल्या माणसाला पचत नाही. त्याचे हप्ते थांबत नाहीत, आणि उभी गाडी मिळवीत नाही. आज गाडीतील संगणक बिघाडाचा क्रमांक दाखवितो. तो क्रमांक कोणत्या जागी तक्रार आहे एवढेच सांगतो. तक्रारीचे कारण मात्र तपासणाऱ्यानेच काढावे लागते.

फ्यॉटिंगरपासून सुरींपर्यंत प्रत्येकाने एकच हिशेब मांडला : घातलेली शक्ती कोठे गेली? मिस्त्रीनेही तोच मांडावा. चाकापर्यंत न पोहोचलेली शक्ती कोठेतरी उष्णता होऊन बसलेली असते. ती जागा सापडली की रोग सापडला. पाना हाती घेण्यापूर्वी हा हिशेब ज्याने केला, त्याच्या हाती गाडी द्यावी.