तळं कुणाचं?

बोटीतून क्रॅपी आणि ब्लूगिल धरायला जवळपास चांगलं तळं कुठलं, असं अमेरिकेतल्या पश्चिम टेनेसीत विचारलं, तर रीलफूट लेकचं नाव निघतंच. 1811-12 च्या न्यू माद्रिद भूकंपांत इथली जमीन खचली, पाणी भरलं, जंगल बुडालं. बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी मासे आजही आसरा घेतात. मासे का आहेत, ते विज्ञानाने सांगितलं. पण तिथे बोट घालायचा हक्क कुठून आला?

तळं होण्याआधीचे जमिनीचे कागद विकत घेऊन एका कंपनीने पाण्यावरच मालकी सांगितली. त्यावर पोट असलेले लोक भडकले. 1908 मध्ये मुखवटे घातलेल्या 'नाइट रायडर्स'नी कंपनीच्या एका वकिलाला ठार मारलं. शेवटी प्रश्न कोर्टात सुटला, आणि तोही बोटीवरून! तळं नौकानयनयोग्य आहे, तेव्हा मासे धरण्याचा हक्क सगळ्यांचा, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1913 मध्ये ठरवलं.

तलावावर संशोधन करणार असाल, तर खोली आणि मासे मोजाच. पण सोबत जमिनीचे कागद आणि कोर्टाचे निकालही वाचा. 'चांगलं तळं' नुसत्या पाण्याने होत नाही.